“आता घरी घेऊन जा” म्हटल्यावर: हॉस्पिस चांगलं आहे की नाही, ते ओळखायचं कसं?

कॅन्सरच्या वॉर्डात एक वाक्य ठरलेलं असतं. राउंडला आलेले डॉक्टर फाइल मिटतात, नातेवाइकांपैकी जरा खंबीर दिसणाऱ्याला बाजूला घेतात आणि म्हणतात, “आता घरी घेऊन जा. सेवा करा.”

सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर काय द्यायचं? जेवण सुटलं तर सलाईन लावायचं का? पाठीला जखम झाली तर दाखवायची कोणाला? या प्रश्नांची उत्तरं देणारी वैद्यकशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंच्या शेवटच्या तीन महिन्यांत ते कळलं, तेही निम्मे दिवस उलटून गेल्यावर. त्या काळात तीन ठिकाणं पाहिली, बऱ्याच जणांना फोन केले, आणि पाहायला जाताना काय पाहायचं हे माहीत नसल्यामुळे पहिल्या ठिकाणी आम्ही फक्त खोल्या पाहून आलो. कोणाची तरी तशी गत होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी शब्द. आजार बरा करण्याचे उपाय संपले, तरी वेदना, धाप, मळमळ, जखमा, झोप न लागणं, भीती यांवरचे उपाय संपलेले नसतात. ते करणारी सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. ती खरं तर निदान झाल्यापासून, केमो चालू असतानाही घेता येते. तिचा अखेरचा टप्पा म्हणजे हॉस्पिस. तो इमारतीत असू शकतो किंवा आपल्याच घरात. सरकारी कागदांवर ‘उपशामक’ किंवा ‘परिहार’ असे शब्द दिसतात, पण वॉर्डातल्या सिस्टर ‘पॅलिएटिव्ह’च म्हणतात.

आजच्या हॉस्पिसची सुरुवात सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स काढून केली, असं मानतात. बाई आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मन, घरची माणसं, पैसा, देवाशी चाललेलं भांडण हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीजवळ १९८६ मध्ये सुरू झालं. ते शांती अवेदना सदन. गोव्यातही त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. ही दोन्ही मोफत. परळच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, त्याचं पथक मुंबईत घरी जाऊन रुग्ण पाहतं, आणि एम.डी.चा अभ्यासक्रमही तिथे २०१२ पासून आहे. राज्यवार केंद्रांची यादी पॅलियम इंडिया या तिरुअनंतपुरमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. शोधायला सुरुवात तिथून करावी, कारण नुसतं गूगल केलं तर आधी जाहिराती येतात.

आणि जाहिरातींचाच घोळ मोठा आहे. गेल्या काही वर्षांत शहरांत ‘पेशंट केअर सेंटर’, ‘एल्डर केअर’, ‘असिस्टेड लिव्हिंग’ अशा पाट्या बऱ्याच दिसतात आणि त्यांपैकी कित्येकांवर खाली बारीक अक्षरात ‘पॅलिएटिव्ह’ असंही लिहिलेलं असतं. यातली काही ठिकाणं उत्तम असतात. काही ठिकाणी मात्र खाट, डायपर, नळीतून दूध आणि आया एवढंच असतं. म्हातारपणाच्या सांभाळाला ते पुरेल, पण हाडात पसरलेल्या कॅन्सरला नाही. हा फरक पाटीवरून कळत नाही, म्हणून प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न मॉर्फिनचा

मला विचाराल तर बाकी सगळे प्रश्न नंतर. पहिला हाच: “तुमच्याकडे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे का? लिहून कोण देतं? आज लागलं तर आज मिळेल का?”

आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या ठिकाणी काचेची दारं होती, रिसेप्शनला ऑर्किड होतं. मी हा प्रश्न विचारल्यावर व्यवस्थापक गृहस्थ दचकले आणि म्हणाले, “नाही नाही मॅडम, आम्ही तसली ड्रग्ज ठेवत नाही.” अभिमानाने म्हणाले. आम्ही चहा पिऊन उठलो.

मॉर्फिन अफूपासून बनतं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यावर अफूची शेती होते, औषधासाठीच होते. आणि तरी इथल्या रुग्णाला ती गोळी मिळत नाही, अशी आपली गंमत. कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. तस्करी रोखायला तो इतका कडक केला, की मॉर्फिन ठेवायचं तर हॉस्पिटलला वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागायचे, आणि एकाची मुदत उरली असेल तोवर दुसऱ्याची संपलेली असायची. दवाखान्यांनी नाद सोडला. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला मॉर्फिन द्यायची सवयच राहिली नाही. पॅलियम इंडियाचे संस्थापक डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी बरीच वर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. म्हणजे ज्या संस्थेला खरोखर कॅन्सरच्या वेदनेचं काम करायचं आहे, तिच्यासाठी रस्ता आता मोकळा आहे. ही मान्यता आहे का, हे सरळ विचारता येतं. नसेल तर “मग मॉर्फिन कुठून आणता?” हा पुढचा प्रश्न. “टाटामधून लिहून आणतो” किंवा “अमुक हॉस्पिटलशी आमची व्यवस्था आहे” हे उत्तर चालेल. “त्याची गरज पडत नाही, आम्ही ट्रामाडॉलवर भागवतो” हे चालणार नाही, कारण ट्रामाडॉल हे मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक आहे.

घरातली भीती वेगळीच असते. सवय लागेल, ही एक. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आणणं, ही दुसरी. वेदनेच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने या दोन्ही गोष्टी सहसा होत नाहीत. जे होतं ते साधं आहे: सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी, थोडी मळमळ आणि औषध चालू आहे तोवर राहणारा बद्धकोष्ठ. म्हणून जाणकार डॉक्टर मॉर्फिनच्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध लिहितो. दुसरी खूण, साध्या गोळीचा असर चारेक तासच टिकतो. त्यामुळे ती घड्याळ लावून द्यायची असते, “दुखलं तर घ्या” अशी नाही, आणि मध्येच कळ आली तर वरची जादा मात्रा किती हेही लिहून दिलेलं असायला हवं. किडनी कमजोर असेल तर हिशोब बदलतो, औषधही बदलू शकतं. एवढं सगळं तुम्हाला पाठ असायची गरज नाही. समोरच्या चिठ्ठीवर नियमित वेळ, जादा मात्रा आणि पोटाचं औषध या तीन गोष्टी आहेत का, एवढं पाहिलं तरी लिहिणाऱ्याला काम येतं की नाही ते कळतं.

आणखी एक. दुखणं मोजतात का? “शून्य ते दहामध्ये किती?” असं विचारून तो आकडा फाइलमध्ये लिहितात का? बोलता न येणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं दुखणं कपाळावरच्या आठ्यांवरून, कण्हण्यावरून, हात लावल्यावर अंग आखडण्यावरून ताडतात का? जिथे वेदनेची नोंदच नाही तिथे ती कमी झाली हे कशावरून ठरवणार?

रात्रीचा फोन

दिवसा सगळेच चांगले असतात. कोणत्याही सेवेची परीक्षा रात्री अकरानंतर आणि दिवाळीच्या चार दिवसांत. केंद्रात रात्री नोंदणीकृत नर्स असते की फक्त मावशी आणि वॉर्डबॉय? डॉक्टर फोनवर मिळतात की सकाळी आठची वाट पाहायची? घरी येणारी सेवा असेल तर रात्रीचा नंबर कोणाचा आहे, तो उचलणाऱ्याला आपल्या रुग्णाची माहिती असते का?

हे विचारून उत्तर “चोवीस तास” असंच मिळतं. म्हणून मी एकदा पावणेबाराला फोन लावून पाहिला. आगाऊपणा होता, मान्य. पण एका ठिकाणी कोणी उचललाच नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी झोपाळलेल्या आवाजात एक सिस्टर म्हणाली, “पेशंट आमच्याकडे नोंदवलेला आहे का? नसला तरी सांगा, आता काय होतंय?” त्या ‘नसला तरी सांगा’वर आमचा निर्णय झाला.

घरच्या सेवेत आणखी एक गोष्ट पाहायची. चांगलं पथक संकट यायच्या आधीच घरात एक पिशवी ठेवून जातं: धाप लागली तर हे, उलटी थांबत नसेल तर हे, बेचैनी वाढली तर हे, आणि प्रत्येकावर मराठीत लिहिलेली चिठ्ठी. रुग्ण गिळू शकेनासा झाला तर कातडीखाली बारीक सुई लावून औषध कसं द्यायचं, ते घरच्या एकाला शिकवतात. जे शिकवत नाहीत ते तुम्हाला मध्यरात्री पुन्हा कॅज्युअल्टीच्या दारात नेऊन उभं करतात, आणि तिथे माणूस नको असताना व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचतो.

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या बाबतीत ही पारख थोडी सोपी होते. तिथे मेडिकेअर ही सरकारी विमा योजना तिच्यात नाव असलेल्यांच्या हॉस्पिसचा खर्च उचलते (सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरल्याचं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं) आणि ‘केअर कम्पेअर’ या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक हॉस्पिसचे आकडे देते. त्यातला एक आकडा मला फार आवडला: आयुष्याच्या शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नर्स किंवा समाजसेविका प्रत्यक्ष येऊन गेली, असे रुग्ण किती? आपल्याकडे असं संकेतस्थळ नाही, पण प्रश्न उचलायला काय हरकत आहे? “शेवटच्या दोन-तीन दिवसांत तुम्ही किती वेळा येता?” असं विचारा. “लागेल तसं” या उत्तरावर थांबू नका.

एक तास बसून पाहणं

केंद्र असेल तर खोल्या दाखवणारा माणूस गेल्यावर एखाद्या बाकावर तासभर बसा. बसू देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

आधी नाक. कॅन्सरची उघडी जखम कुजकी वास मारते, पण तो वास मेट्रोनिडाझोलसारख्या स्वस्त औषधाने बराच आटोक्यात येतो. वास फिनेलखाली झाकलेला आहे की मुळातच कमी आहे, हे नाकाला समजतं. मग रुग्णांची तोंडं. ओठ फुटलेले, जिभेवर पांढरा थर, तर समजावं की तोंड पुसायला कोणाला वेळ नाही. मग घंटा. कोणी हाक मारली, तर किती वेळाने कोण उठतं?

बेडसोअरचं थेट विचारावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. त्याचा तक्ता खाटेला अडकवलेला असतो का, आणि त्यावर रात्री तीनच्या रकान्यात सही आहे का, की सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत केलेल्या दिसतात? “तुमच्याकडे आल्यानंतर नव्याने जखमा झाल्या असे महिन्यात किती रुग्ण?” या प्रश्नाला “एकही नाही” म्हणणाऱ्यापेक्षा “दोन होते, एकाची भरली” म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास आहे. शेवटच्या दिवसांत कितीही केलं तरी काहींना जखमा होतातच.

माणसांचं शिक्षण विचारताना आपल्याला उगाच संकोच वाटतो. तो सोडावा. पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक डॉक्टर आणि एक नर्स हवी. सगळ्यांनाच एम.डी. जमत नाही, पण दहा दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंतचे कोर्स आहेत, ते केले आहेत का? नर्स महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली आहे का? आया पुरवणाऱ्या ब्युरोमधून येणाऱ्या बाईचं काम मोठं आहे, पण ती नर्स नाही, आणि पांढरा कोट घातल्याने होत नाही.

कोणाला घेतात, हेही आधीच विचारून घ्या. बरीच हॉस्पिस फक्त कॅन्सरचे रुग्ण घेतात. फुप्फुसाचा जुना आजार, निकामी होत चाललेलं हृदय, किडनी, डिमेन्शिया यांनाही हीच सेवा लागते, पण दार कमी ठिकाणी उघडतं.

खाणं, सलाईन आणि घरघर

“पोटात काही नाही म्हणून अशक्तपणा आलाय.” प्रत्येक घरात हे वाक्य असतं आणि त्यावरून जावा-नणंदांत भांडणंही होतात. शरीर मिटत चाललं की भूक आपोआप जाते. न खाल्ल्याने माणूस जात नसतो, तो जात असतो म्हणून खात नाही. अशा वेळी बळेबळे भरवलं तर ठसका लागून घास फुप्फुसात जातो, आणि सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या तर पायांना सूज आणि छातीत पाणी. चांगल्या ठिकाणी कोणीतरी अर्धा तास बसून हे घरच्यांना समजावतं, कापसाच्या बोळ्याने ओठ ओले कसे करायचे ते दाखवतं. तुळशीपत्र आणि गंगेच्या पाण्याचे दोन थेंब ठेवायलाही मना करत नाही. सुमार ठिकाणी सलाईन लावून टाकतात. नातेवाईक खूश, आणि बिलात एक ओळ वाढते.

‘शेवटची घरघर’ हा शब्द आपण भाषणांत सरकारला लावतो. खरी घरघर घशात साठलेल्या लाळेची असते. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, बहुधा रुग्णाला तिची जाणीव नसते. कुशीवर वळवणं आणि लाळ कमी करणारं औषध एवढ्याने ती बरीच कमी होते. सासूबाईंच्या वेळी सिस्टरनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, “उद्या-परवा असा आवाज येईल, घाबरू नका, त्यांना त्रास होत नसेल.” आवाज आला तेव्हा आम्ही घाबरलो, पण ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. म्हणून विचारा: पुढे काय होणार हे तुम्ही घरच्यांना आधी सांगता का? आणि रुग्णाला स्वतःला जाणून घ्यायचं असेल, तर त्याच्याशी कोण बोलतं? “त्यांना काही सांगू नका” हा हट्ट बहुधा मुलांचा असतो. तो न दुखावता सोडवता येणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कसब.

कागद

जगण्याची अखेर कशी हवी हे आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र (लिव्हिंग विल) केलं तेव्हा त्याची बातमी झाली होती. संस्थेला एवढंच विचारायचं, की असा कागद असला तर तो फाइलच्या वर लावता की कपाटात ठेवता.

दुसरा कागद कोणाच्या लक्षात येत नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला कोण देणार? तो नसला की स्मशानात अडतं. पहाटे चारला अख्खी सोसायटी ओळखीचा डॉक्टर शोधत फिरते आणि ज्याने कधी रुग्ण पाहिला नाही तो डॉक्टर सही करायला कचरतो, त्याचंही चूक नाही. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने हा दाखला द्यायचा असतो, आणि कायद्याप्रमाणे त्याची फी घ्यायची नसते. घरी येणाऱ्या पथकाला हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं, अवघड वाटलं तरी.

पैशाचं थोडक्यात: मोफत म्हणजे हलकं नाही. या क्षेत्रात आपल्याकडची नाव घेण्यासारखी बरीचशी कामं मोफतच चालतात, त्यामुळे आधी तिथे विचारा. पैसे घेणारं ठिकाण असेल तर खाटेच्या भाड्यात औषधं, ड्रेसिंग, डायपर, ऑक्सिजन धरलेलं आहे का ते लिहून मागा. आणि विमा कंपनीला आधी फोन करा, कारण ‘सक्रिय उपचार’ नसल्याचं कारण देऊन दावा नाकारला जाऊ शकतो.

शेवटी आमच्याकडे घरीच येणाऱ्या पथकाची सेवा होती. सासूबाई गेल्यावर बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कपाटातली मॉर्फिनची पाकिटं तशीच राहिली होती. पंधराव्या दिवशी त्याच सिस्टरचा फोन आला, “उरलेल्या गोळ्या परत घ्यायला येते, घरात ठेवू नका.” आली, गोळ्या मोजल्या, वहीत आकडा लिहून माझी सही घेतली. एअर बेडही न्यायचा होता. मग चहा घेता घेता तिने सासऱ्यांना विचारलं, “काका, रात्री झोप लागते का?” ते पंधरा दिवसांत पहिल्यांदा “नाही” म्हणाले. एअर बेड त्या दिवशी तसाच राहिला, ती पुढच्या मंगळवारी पुन्हा आली.